गल्लीच्या तोंडाशी दोन खुर्च्या

नीरूबेन,

काल तुझं बेसणं झालं, तुमच्याकडची शोकसभा. पांढऱ्या साड्यांच्या रांगेत मी भिंतीला टेकून बसले होते. भजनं गुजरातीत, त्यातलं निम्मं कळत होतं, निम्मं नुसतं कानावर पडत होतं. मग तुमच्या समाजाचे एक गृहस्थ उठले आणि तुझ्याविषयी बोलले. थोर समाजसेविका, स्वच्छतेसाठी झटणाऱ्या, असं बरंच. मी तुझ्या फोटोकडे बघितलं. फोटोतही तू तशीच, आता काहीतरी फटकन बोलशील अशी. वाटलं, हे गृहस्थ सांगतायत तरी कुणाबद्दल? गटारातल्या गाळाची बादली घेऊन नगरपरिषदेत गेलेली बाई यात कुठेच नाही. मला हसू यायला लागलं आणि ते तुला दाखवायला म्हणून मी सवयीनं डावीकडे वळले. डावीकडे तुझी नणंद बसली होती. तिला मी नीट ओळखतही नाही.

घरी आले आणि लिहायला बसले. तुला मराठी वाचायचा कंटाळा, हे माहीत आहे मला. 'तू लिही, हुं बोलते,' असं आपलं ठरलेलं. अर्ज मी लिहायचे, साहेबांपुढे तोंड तू उघडायचं. आता बोलणारी गेली, लिहिणारी मागे राहिली. मग ती लिहिण्याशिवाय दुसरं काय करणार?

वीस-बावीस वर्षं आपण समोरासमोर राहिलो. पण ते राहणं म्हणजे तरी काय होतं? दिवाळीला फराळाचं ताट इकडून तिकडे जायचं, लग्नाची पत्रिका यायची, एरवी 'कशा आहात' नि 'बरं आहे' एवढंच. मी सकाळी पोस्टात जायची ती संध्याकाळी यायची. तू दिवसभर नवऱ्याबरोबर, जयंतीभाईंबरोबर, फुग्यांच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. रबराच्या चिकात साचे बुडवायचे, वाळवायचे, फुगे सोलून काढायचे, पाकिटं भरायची. तुझ्या नखांच्या कडांना कायम रंग असायचा. मला वाटायचं, ही बाई रोज होळी खेळते की काय.

मग ठाण्यातून फुटून पालघर वेगळा जिल्हा झाला, त्याच वर्षी आमचे हे गेले. पाठोपाठ मी निवृत्त झाले. लेक पुण्याला, तिच्या संसारात. आयुष्यात पहिल्यांदा मी दिवसच्या दिवस घरात बसले, आणि तेव्हा मला आपली गल्ली दिसली.

काय रूप होतं तिचं! एका कडेनं उघडं गटार. त्यावर ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं काहीतरी बांधलेलं, कुणाची पायरी, कुणाचा कपडे धुवायचा कट्टा, राऊतकाकांचा स्कूटर चढवायचा उतार. आणि गल्लीच्या तोंडाशी ती कचराकुंडी. कुंडीत कचरा कमी, भोवतीच जास्त. सडलेले चिकू, माश्या, गायी, कुत्री. मागच्या नव्या बिल्डिंगमधल्या बायका लांबूनच पिशवी भिरकवायच्या नि वळायच्या. माझी लेक आली की रिक्षावाला तोंडाशीच थांबायचा. 'आत नको मावशी, टायर खराब होतात.' नातीनं एकदा विचारलं, 'आजी, तू इथे का राहतेस?'

आपलं पहिलं खरं बोलणं झालं ते भांडणच. त्या पावसाळ्यात गटार तुंबून पाणी माझ्या उंबऱ्याच्या आत आलं. मी तशीच ओल्या पायांनी तुझ्या दारात उभी राहिले. म्हटलं, 'तुमच्या फुग्यांनी गटार तुंबतं. माझ्या घरात पाणी आलंय.' तेव्हा आपण 'तुम्ही' म्हणत होतो.

तू आत गेलीस, काठी नि बादली घेऊन आलीस आणि भर पावसात गटारात काठी घालून ढवळायला लागलीस. लाल, पिवळे, निळे रबराचे तुकडे निघाले. ते तू बादलीत टाकलेस. मग दुधाच्या पिशव्या निघाल्या, शाम्पूच्या पुड्या, कुणाची तरी चप्पल, गुटख्याची पाकिटं. एक दुधाची पिशवी काठीच्या टोकाला धरून तू माझ्यासमोर नाचवलीस.

'फुगे माझे, बराबर. पण हे? हे पण माझे फुगे?'

ती पिशवी माझ्याच घरी येणाऱ्या दुधाची. मला राग आला होता, आणि हसूही आलं.

दुसऱ्या दिवशी तू शेडच्या मोरीला बारीक जाळी बसवून घेतलीस आणि मला हाक मारलीस, 'कुंदाबेन, चला. माझं झालं, आता बाकीच्यांचं बघू.' तुझ्या हातात ती बादली होती, गाळासकट. मला वाटलं वाटेत कुठे ओतणार असशील. तू ती थेट नगरपरिषदेत नेलीस आणि बांधकाम खात्यातल्या त्या तरुण साहेबांच्या टेबलावर ठेवलीस. ते खुर्चीतून उठलेच.

'बाई, बादली खाली ठेवा.'

'खालीच होती, साहेब. आमच्या दारात. कोणी बघत नव्हतं म्हणून वर आणली.'

मी दाराआड उभी होते. लाजेनं अर्धी झाले होते. पण ते साहेब चांगले निघाले. बादली शिपायाकडे देऊन त्यांनी आपल्याला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि सरळच बोलले. 'गटारावर झाकणं टाकता येतील, कुंडीही उचलता येईल. पण तुमच्या सगळ्यांच्या पायऱ्या गटारावर आहेत. त्या पाडायला आमची माणसं आली की तुम्हीच आडवे येता. मग सांगा, काय करू?'

'आम्ही काढतो,' तू म्हणालीस. 'तुम्ही झाकणं आणा.'

परतताना मी विचारलं, 'आम्ही म्हणजे कोण?'

'तू नि मी,' तू म्हणालीस. 'बाकीचे येतील ने.' त्या दिवशी तुझ्या तोंडून पहिल्यांदा 'तू' आलं. मी ते मनात जपून ठेवलं, तुला कधी सांगितलं नाही.

सगळ्यात आधी तुझी स्वतःची पायरी गेली. जयंतीभाईंनी हौसेनं बसवलेली, लादीची. ती फुटताना ते आत जाऊन बसले होते. त्यानंतर कुणाला 'नाही' म्हणायला तोंड उरलं नाही. एक राऊतकाका सोडून. 'नगरपरिषद तुमची मावशी लागते का हो?' म्हणाले तुला. तू म्हणालीस, 'लागत नाही, पण लागायला हवी.' काम सुरू झालं, सगळ्या गल्लीत झाकणं पडली, फक्त त्यांच्या दारापुढचं गटार उघडं राहिलं. आठवडाभर गल्लीचा सगळा वास जणू त्यांच्याच दारातून येत होता. शेवटी राऊतकाकूंनीच गवंडी बोलावला.

मग कुंडी उचलायचा दिवस आला. साहेब म्हणाले होते, 'आम्ही उचलू, जागा साफ करू, घंटागाडी रोज सकाळी आणू. पण लोकांनी पुन्हा तिथेच टाकायला सुरुवात केली तर पंधरा दिवसांत कुंडी परत ठेवावी लागेल.' तू घरी येऊन एवढंच म्हणालीस, 'मग तिथे बसायला पाहिजे.'

आणि बसलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी, कुंडी जिथे होती तिथे, प्लास्टिकची खुर्ची टाकून. मी खिडकीतून बघितलं. थोड्या वेळानं मी माझी खुर्ची उचलली आणि तुझ्या शेजारी नेऊन ठेवली.

पहिली बाई आली ती नव्या बिल्डिंगमधली. हातात पिशवी, आपल्याला बघून थबकली.

'मी रोज इथेच टाकते,' ती म्हणाली.

'रोज टाकायचीस, आज माझ्याकडे दे,' तू म्हणालीस आणि हात पुढे केलास. तिनं गोंधळून पिशवी दिली. तू ती पायाशी ठेवलीस. घंटागाडी येईपर्यंत तुझ्याभोवती पिशव्यांचा ढीग झाला होता आणि तू मधोमध बसून माझ्याशी भेंडीच्या भावाबद्दल बोलत होतीस. हळूहळू लोकांना लाज वाटायला लागली. पिशव्या गाडीपर्यंत आपल्या हातानं यायला लागल्या. मोटारसायकलवरून भिरकावून जाणारे होते, त्यांच्यामागे तू अशी ओरडायचीस की पुढच्या नाक्यापर्यंत ऐकू जावं.

मी फ्लास्कमध्ये चहा आणायची, तू खाकरे. त्या सकाळी आपण काय काय बोललो! तुझा मुलगा परदेशात, आठवड्याला फोन, त्यातही निम्मा वेळ 'आवाज येतोय का' एवढंच. माझी लेक. आमचे हे शेवटी शेवटी कसे गप्प झाले होते ते मी पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेल तर तुला. तू सांत्वन वगैरे केलं नाहीस. म्हणालीस, 'माणूस गप्प झाला तर झाला. तू नको होऊ.'

आणि एक दिवस, घंटागाडीत माझी पिशवी टाकताना तू ती हातात तोलून बघितलीस.

'कुंदा, यात काय आहे गं? चहाची पत्ती नि एक केळ्याची साल. कालही एवढंच होतं. तू जेवतेस की नाही?'

मी जेवत नव्हते. म्हणजे जेवत होते, पण एकटीसाठी भाजी चिरायला हात उठत नव्हता. हे माझ्या लेकीला फोनवर कळलं नव्हतं. तुला माझ्या कचऱ्यातून कळलं. त्या दिवसापासून दुपारी वाटी येऊ लागली. तुझ्या वरणात साखर असायची. पहिल्यांदा मी नाक मुरडलं. नंतर माझ्या वरणातही मी चिमूटभर घालायला लागले.

नगरपरिषदेनं शब्द पाळला. गल्लीच्या तोंडाशी लाद्या बसल्या, बकुळीची रोपं दिली, दिव्याचा खांब सरकवला. घरोघरच्या भिंती लोकांनी आपापल्या रंगवल्या. लेक आली तेव्हा रिक्षा दारापर्यंत आली आणि नातीनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

तिथे आपलं दुसरं भांडण सुरू झालं, ते कधी मिटलंच नाही. तुला त्या जागेला लोखंडी जाळी हवी होती, चारही बाजूंनी. मला नको होती.

'जाळी नाही तर परत कचरा,' तू म्हणायचीस. 'लोकांवर भरोसा ठेवायचा नसतो.'

'जाळी लावली तर ती जागा आपल्यालाच बंद होईल. मग बसायचं कुठे?'

'बाकडं ठेवू ने आत.'

'कुलपात?'

'कुलूप कोणी म्हटलं? कडी.'

'आज कडी, उद्या कुलूप.'

किती वेळा हेच बोललो असू. जयंतीभाई म्हणायचे, या दोघी त्या जागेपेक्षा जाळीवरच जास्त प्रेम करतात. साहेबांकडेही आपण एकाच वेळी गेलो, तू जाळी मागायला, मी जाळी नको सांगायला. त्यांनी कपाळाला हात लावला. 'तुम्ही दोघी एकदा ठरवा,' म्हणाले, 'मग मला सांगा.'

गेल्या दिवाळीनंतर जमीन हलायला लागली. आधी तलासरीकडून बातम्या यायच्या, मग आपल्याकडेही भांडी वाजायला लागली. त्या दुपारी मोठा धक्का बसला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. समोरची भिंत माझ्याकडे येते की काय असं वाटलं. चप्पल न घालता धावले. सगळी गल्ली धावत होती, आणि कुणी न सांगता सगळे तिथेच जमले, त्या मोकळ्या जागेत. वर तारा नव्हत्या, बाजूला भिंत नव्हती. राऊतकाकूंना खुर्चीवर बसवून उचलून आणलं. नव्या बिल्डिंगमधल्या त्या बाईच्या कडेवर लहान मूल होतं. तू मला शोधत होतीस. माझा हात इतका घट्ट धरलास की बांगडी रुतली.

थोडा धीर आल्यावर मी तुझ्या कानाशी म्हटलं, 'जाळी असती तर?'

तू श्वास घेतलास. 'जाळीला दरवाजा असतोच ने!' म्हणालीस.

आख्खी गल्ली घाबरलेली आणि आपण दोघी हसत होतो.

ते कितीतरी दिवस लोक संध्याकाळी तिथेच बसायचे. घरात जायला कुणी धजत नव्हतं. तिथेच खिचडी शिजायची, सगळ्यांची मिळून. माझ्या दर्शनी भिंतीला तडा गेला. तू बघून म्हणालीस, दिवाळीच्या आत भरून घेऊ. तो तसाच आहे.

यंदा पाऊस हटायलाच तयार नव्हता. दिवाळी तोंडावर आली तरी कोसळत होता. एका सकाळी तू छत्री घेऊन आलीस, चेहरा उजळलेला. 'जाळी मंजूर झाली!' मी म्हटलं, 'मी अर्ज करते, रद्द करा म्हणून.' तू म्हणालीस, 'कर. लिही. पण घेऊन कोण जाणार साहेबांकडे? तुझी तर दाराच्या आत यायची हिंमत नाही.' बोलता बोलता तू खाली बसलीस. छातीवर हात ठेवलास. 'पित्त आहे,' म्हणालीस. मी तुला लिंबूसरबत करून दिलं. तू ते अर्धं ठेवलंस.

दुसऱ्या दिवशी जयंतीभाईंनी गाडी बोलावली, वापीला दाखवून यायचं म्हणून. मी दारात आले. तू काच खाली केलीस. 'बकुळीला पाणी नको घालू, पाऊस आहे,' म्हणालीस. 'आले की बघते तुझ्याकडे. जाळी लागणारच.' मी म्हटलं, 'बघू.' गाडी वळली.

'बघू' हा माझा शेवटचा शब्द तुझ्याशी. त्यात वाईट काही नव्हतं. पण त्या एका शब्दात जे मावायला हवं होतं त्यातलं काहीच नव्हतं.

मला तुला सांगायचं होतं की मी ती खुर्ची कचऱ्यासाठी आणली नव्हती. गल्ली स्वच्छ व्हावी असं मलाही वाटत होतं, पण त्यासाठी मी रोज उठून बसले नसते. हे गेल्यावर सकाळ हा दिवसाचा सगळ्यात अवघड भाग झाला होता. चहा एकाच कपात ओतायचा असतो. तू एकटी तिथे बसलेली दिसलीस आणि मला निमित्त मिळालं. मी तुला सोबत करतेय असं दाखवून मीच सोबत घेत होते. पुढे लोक सुधारले, कुणी कचरा टाकेना, तरी आपण बसतच होतो. मला वाटायचं, नीरूला सवय झालीय, तिला एकटं कसं सोडायचं?

काल बेसण्यानंतर सगळे गेल्यावर जयंतीभाई बाहेर येऊन बसले. मी पाणी दिलं. ते घोटभर प्यायले. मग म्हणाले, 'बेन, एक गोष्ट. कचरा बंद झाल्यावर मी हिला म्हटलं, आता कशाला जातेस सकाळी? गुडघे दुखतात, शेडमध्ये पण काम आहे. तर म्हणाली, मला जायलाच लागेल. कुंदा येऊन बसते तिथे. मी नाही गेले तर ती एकटी बसेल.'

मी भांडं उचललं. तुलाच सांगते. इतके महिने आपण दोघी तिथे एकमेकींसाठी बसलो, आणि दोघींनी तोंडानं मात्र कचऱ्याचं नाव घेतलं.

आज सकाळी घंटागाडी आली. मी पिशवी टाकली. कुणी तोलून बघितली नाही.

दुपारी ते साहेब आले. चेहरा उतरलेला होता त्यांचा. तुझ्या घरी जाऊन आले, मग माझ्याकडे. उभ्याउभ्याच म्हणाले, 'ताई, वेळ बरोबर नाही, पण जाळीचं काम मंजूर आहे. या आठवड्यात माणसं पाठवू शकतो. नीरूबेनची इच्छा होती. तुमची हरकत होती म्हणून विचारायला आलो. काय करू?'

मला सोपं होतं. 'लावा' म्हटलं असतं तर तुझ्या मनासारखं झालं असतं, लोकांनीही म्हटलं असतं, बघा, मैत्रिणीची शेवटची इच्छा पुरी केली. 'नको' म्हटलं असतं तरी आता मला अडवणारं कुणी नव्हतं. दोन्ही शब्द तोंडात आले आणि दोन्ही एकटे वाटले.

मी म्हटलं, 'साहेब, आमचं अजून ठरलेलं नाही.'

मग त्यांनी हातातली फाइल मिटली.

'बरं, ताई,' म्हणाले. 'तुमचं दोघींचं ठरलं की सांगा.'